पॉलिशच्या आधी

भुसावळच्या यार्डाला लागून आपली शेड,
म्हणून आधी शटर अर्धं ओढ, रमजान,
मग गाडीला हात लाव.

चौसष्टची फियाट. मोरपिशी.
इंदुमती बऱ्हाटे काल टोचन करून घेऊन आल्या,
म्हणाल्या, आरसा करून द्या.
मी म्हटलं, ताई, आरसा शेवटी.
आधी आंघोळ.

उन्हात नको. तापल्या पत्र्यावर
साबण जागीच सुकतो, डाग धरतो.
बॉनेटवर तळहात ठेव,
माठासारखं गार लागलं की पाणी सोड, वरून खाली.
दोन बादल्या : एक साबणाची, एक पापाची.
फडकं दर वेळी आधी पापाच्या बादलीत.

ही दीपनगरची राख.
कोरडी पुसायला जाशील तर खरवडशील.
पाण्याने तिला उठू दे, वाहू दे,
झोपलेल्या पाव्हण्याला उठवतात तसं,
हळू, लांबून.

टपावरचे तपकिरी ओघळ केळीच्या चिकाचे.
सावद्याला कोणाच्या तरी लग्नात
दारच्या खांबांखाली उभी केली असेल.
सदऱ्याला लागला तर सदरा फाटतो, डाग राहतो.
इथेही घाई केलीस
तर रंग जाईल, डाग राहील.

डांबराचं औषध फडक्यावर घे, पत्र्यावर ओतू नको,
आणि आधी डिकीच्या आतल्या कडेला लावून बघ,
जिथे कोणी बघत नाही.
नव्या गाड्यांना रंगावर काचेसारखा थर असतो.
हिला नुसता रंग, खाली प्रायमर, खाली पत्रा,
आणि रंग किती उरलाय
ते साठ वर्षं पुसणाऱ्यांनाच ठाऊक.

आता हातात पातळ कॅरीबॅग घाल.
फिरव दारावरून. काय लागतं?
'खरखर, चाचा. दाढी वाढलेल्या गालासारखी.'
ती रेल्वे.
ब्रेक लागला की चाकाचं लोखंड उडतं,
बारीक, तापलेलं,
येऊन रंगात रुततं आणि गंजत बसतं.
डोळा म्हणतो धुतलं. बोट फसत नाही.

क्ले पेढ्याएवढा घे, चपटा कर.
शाम्पूचं पाणी फवार. अजून. अजून.
सरळ ने, सरळ आण, गोल नाही.
दाब नको.
आधी तो अडखळेल, सर्रसर्र बोलेल,
मग गप्प होईल. गप्प झाला की पुढे सरक.
मळकी बाजू आत, कोरी बाहेर,
कळण्याच्या गोळ्यासारखा मळत राहा.
त्याच्यावर मोरपिशी उतरायला लागलं
तर हात हलका कर.

चारच्या सुमारास त्याच्या हातून गोळा सुटला.
फरशीवर. पोरगं उचलून फुंकर मारणार,
मी हिसकावून कचऱ्यात टाकला.
एक खडा, रमजान, एकच खडा,
आणि अख्ख्या दारावर आपली सही.
तो काही बोलला नाही.
मी माझ्यातला अर्धा तोडून दिला.

संध्याकाळी बाई आल्या.
खिडकीतला वापरलेला गोळा उचलला,
'हे लाल काय?'
लोखंड, ताई. मालगाड्यांचं.
'दादा गार्ड होते आमचे,' म्हणाल्या,
'रात्रपाळीहून आले की दारात सदरा झाडायचे.
ओटा असाच व्हायचा.
हे फेकता तुम्ही?'
फेकतो.
त्यांनी मान हलवली, गोळा जागेवर ठेवला,
बोटं रुमालाला न पुसताच पर्स उघडली,
आगाऊ पैसे मोजले, आणि जाता जाता,
'आरसा जरा कमी झाला तरी चालेल.'

गाडी अजून चमकत नाही.
उलट आणखी म्हातारी दिसते, खडूसारखी फिकट.
मी कॅरीबॅगमधला हात दारावरून नेला,
तो कुठेही न थांबता पार मागच्या दिव्यापर्यंत गेला.

बाहेर मालगाडीने ब्रेक दाबले, लांबच लांब.
रमजान न सांगता उठला
आणि उरलेलं अर्धं शटर
खाली ओढलं.